पाटीबाहेर राहिलेला ओटा

मी नाचणगाव सोडलं तेव्हा जानेवारी होता आणि आमच्या ओट्यावर हिरव्या तुरीच्या शेंगांचा ढीग पडला होता. गल्लीच्या तोंडाशी ऑटो उभा, त्यात दोन बॅगा काही केल्या मावेनात, ऑटोवाला वैतागलेला, बाबा त्याच्यावर वैतागलेले. आणि इकडे शेजारची पंचफुलामावशी अन् गल्लीतल्या आणखी चार-पाच जणी आईसोबत शेंगा सोलत बसलेल्या. पोरगी देशाबाहेर चालली म्हणून कुणी काम थांबवलं नव्हतं. हात चालू, तोंड चालू. मध्येच एखादीचे डोळे भरून यायचे, ती पदरानं पुसायची आणि पुढची शेंग उचलायची.

निघताना आईनं मूठभर कोवळे दाणे माझ्या पर्समध्ये टाकले. पुडी नाही, रुमाल नाही, तसेच, थेट पासपोर्टावर. मी चिडले. आमच्याकडे निघतेवेळी कुणीतरी चिडायचंच असतं, नाहीतर रडावं लागतं. आई ओट्यावरून खाली उतरली नाही. ती म्हणाली, "जाजो बाई. अन् येजो." आमच्याकडे नुसतं जा म्हणत नाहीत, त्याला येजो जोडावंच लागतं. तेव्हा मला ते दोन शब्द एकच वाटायचे.

बाबा पुलगाव स्टेशनापर्यंत आले. ते देवळीला कचेरीत कारकून होते आणि माणसापेक्षा त्यांचा कागदावर जास्त विश्वास. आजोबांची राहती जागा कागद नव्हता म्हणून हातची गेली होती. तेव्हापासून "कागद पक्का त मानूस पक्का" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. गाडी येईपर्यंत त्यांनी माझी फाइल दोनदा उघडून तपासली. प्रत्येक प्रमाणपत्राच्या सत्यप्रती, त्यावर शिक्के, आणि सगळ्यात वर त्यांच्या सुंदर अक्षरातली यादी. जिथे मी चालले होते तिथे त्या शिक्क्यांना कुत्रं विचारणार नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं नाही, एवढं एक शहाणपण केलं.

हे मी माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि गल्लीत राहिलेल्यांसाठीसुद्धा. तुमच्यातल्या काहींनी आमचं नवं घर पाहिलंय. "सुजातानं काय घर बांधून देल्लं मायबापाले" असं तुम्ही म्हणता, तेही माझ्या कानावर आलंय. ते ऐकलं की मला धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं होतं. ते का, ते सांगते.

मी गेले हॉलंडमधल्या आइंडहोवनला. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडतील ही भीती तेव्हा जगभर पसरली होती, कॉम्प्युटरची जुनी कामं दुरुस्त करायला माणसं हवी होती, आणि आमच्यासारखी स्वस्तात मिळत होती. एका खोलीचा फ्लॅट, एक सायकल, एक हीटर. ऑफिसातले लोक चांगले होते, पण तिथे कुणाकडे सहज जाता येत नाही. आधी वेळ ठरवावी लागते. त्याला ते ‘अफस्प्राक’ म्हणतात, आणि दोन आठवडे आधी अफस्प्राक घेतल्याशिवाय माणूस माणसाच्या दाराची बेल वाजवत नाही. मी ज्या घरातून गेले तिथे दारच दिवसभर उघडं असायचं, आणि माणसं आत यायचीसुद्धा नाहीत, ओट्यावर टेकायची, पाणी मागायची, गावाची खबर द्यायची आणि उठायची. पहिली दोन वर्षं मी संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे पाहत बसे. लग्न मी केलं नाही. तो विषय गावात माझ्या पश्चात पुरेसा चघळून झालाय, इथे पुन्हा नको.

एप्रिलच्या शेवटी तिथे राणीचा दिवस असतो. त्या दिवशी सारं गाव आपलं जुनं सामान रस्त्यावर चादरी टाकून विकायला बसतं. तिथे एका बाईकडे प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटांनी भरलेली बादली दिसली. एकमेकींत खटकन बसणाऱ्या, वर गोल दाणे असलेल्या त्या विटा तुम्ही दुकानात पाहिल्या असतील. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लेकराला वाढदिवसाला देऊ म्हणून मी ती बादली घेतली. जुन्या होत्या, म्हणून बेसिनमध्ये साबणानं धुतल्या, टॉवेलवर वाळत टाकल्या, रंगानुसार वेगळ्या करायला बसले, आणि जेवायचं विसरले. मैत्रिणीच्या लेकराला मी चेंडू दिला.

आता हसा. तिशी ओलांडलेली बाई, इंजिनिअर, आईबापानं पोटाला चिमटा घेऊन शिकवलेली, आणि रोज संध्याकाळी जमिनीवर बसून ठोकळे जोडते. मला स्वतःलाच लाज वाटायची. कुणी देशी मंडळी जेवायला येणार असली की बादली पलंगाखाली जायची. एकदा नागपूरच्या एका वहिनींना बाथरूमबाहेर एक लाल वीट सापडली, तर मी सरळ सांगितलं की आधीच्या भाडेकरूच्या मुलाची असेल. फ्लॅट नवा कोरा होता. वहिनींनी वीट माझ्या हातात ठेवली.

पण सुटेना. बोटांना काम मिळायचं ना! आमच्याकडे बायकांचे हात कधी मोकळे मी पाहिले नाहीत. गहू निवडणं, कणकेचे सरगुंडे काडीवर वळणं, मुंगवड्या घालणं. ऑफिसात माझी बोटं दिवसभर कीबोर्डवर चालायची, पण संध्याकाळी हातात दाखवायला काही नसायचं. विटांचं तसं नव्हतं. दोन तास बसलं की एक भिंत उभी राहायची.

पुढे ऑफिसातल्याच एकानं सांगितलं की हे आता कॉम्प्युटरवरही करता येतं, फुकट. प्रोग्राम उतरवून घेतला. तिथे तर काय, राज्यच! विटा संपतच नाहीत. हव्या त्या रंगाच्या, हव्या तितक्या. आणि पडत काहीच नाही. भिंत हवेत ठेवली तर हवेत राहते, छप्पर आधी आणि घर नंतर असंही चालतं. मी बोगदे केले, पूल केले, पुलगावचं स्टेशन केलं. मग एका रविवारी, बाहेर बर्फ पडत असताना, आमचं घर करायला घेतलं.

घरासाठी मी स्वतःला एक अट घातली. हे नुसतं पडद्यावर ठेवायचं नाही, खऱ्या विटांत बांधायचं. म्हणजे पडद्यावरही त्याच विटा वापरायच्या ज्या माझ्याकडे आहेत किंवा मिळू शकतात. तिथून तडजोडी सुरू झाल्या. विटा ज्यावर रोवतात ती चौकोनी पाटी माझ्याकडे एकच होती. मोजून पाहिलं तर घर त्यावर बसत होतं, दाराच्या उंबरठ्यापर्यंत. पाटी तिथे संपत होती. पुढचा ओटा बाहेर राहत होता. मी म्हटलं, राहू दे, ओटा म्हणजे काही घर नव्हे.

कवेलूंचं, म्हणजे कौलारू, उतरतं छप्पर करायला शेकडो तिरक्या विटा लागल्या असत्या, म्हणून छप्पर सपाट केलं. सपाट छप्पर बोडकं दिसायला लागलं, आणि सुट्या विटा मागवल्या त्या विक्रेत्यानं पाकिटात पांढऱ्या कठड्याचे तुकडे जास्तीचे टाकले होते, म्हणून वर बाल्कनी काढली. तपकिरी दार त्या मापात मिळेना, पिवळं मिळालं. समोरच्या भिंतीत डाव्या अंगाला एक पांढरी वीट कमी पडली, तिथे लाल लावली. म्हटलं, कोण बघतंय.

पडद्यावरचं घर चार संध्याकाळींत झालं. खऱ्या विटांचं महिनाभर चाललं, कारण ते पडायचं. पडद्यावर ऐटीत उभी असलेली बाल्कनी हातात आल्यावर वाकायची, कठडा सुटायचा. पण शेवटी झालं. टेबलावर ठेवलं, दिवा लावला आणि मी पुष्कळ वेळ बघत बसले. ते आमचं घर नव्हतं हे मला कळत होतं. तरी त्याला मी आमचंच घर म्हणत होते. हे असं दूर राहणाऱ्यांनाच जमतं.

त्याच भरात एक उद्योग केला. आई दर रविवारी फोनवर विचारायची, संध्याकाळी काय करतेस गं एकटी. तिला दाखवावंसं वाटलं. तो प्रोग्राम बांधकामाची पानंही काढून द्यायचा. पहिल्या पानावर नुसती पाटी, दुसऱ्यावर पहिला थर, मग दुसरा थर, बाजूला कोणत्या किती विटा लागतील त्याची चित्रं. ती सगळी पानं मी पुलगावच्या सायबर कॅफेवाल्याला मेल केली, वर लिहिलं ‘आपलं घर’, आणि बाबांना बोलावून दाखवा म्हणून सांगितलं. त्यानं दाखवलं तर दाखवलं, रंगीत प्रिंटा काढून बाबांच्या हातात दिल्या. बाबांनी त्यांना स्पायरल बाइंडिंग करून घेतलं.

त्या रविवारी फोन बाबांनी उचलला. एरवी ते दोन वाक्यं बोलून आईकडे देतात. त्या दिवशी म्हणाले, "तुया नकाशा भेटला. चांगला काढला."

नकाशा! मला आधी हसू आलं, मग कळलं की ते गंभीरपणे बोलताहेत. आमच्या गल्लीत आणि पुलगावात तेव्हा ही लाटच होती. ज्याचं पोरगं बाहेर, त्याचं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं होत होतं, आणि नकाशा पोरगंच पाठवायचं. माझ्या बाबांना वाटलं, आता आपली पाळी आली. मी म्हणायला हवं होतं की बाबा, ते खेळणं आहे. एवढंच वाक्य. पण पुढचं काय सांगू? कुणाचं खेळणं? माझं? ज्या माणसानं माझ्या फाइलला शिक्के मारत अर्धं आयुष्य घालवलं, त्याला सांगू की तुमची लेक चौतीसाव्या वर्षी ठोकळे जोडत बसते? जीभ रेटेना. मी म्हटलं, "हो. कसा वाटला?"

"पक्का हाये," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून आलेलं हे मोठंच सर्टिफिकेट. मी फुलून गेले, खोटं कशाला बोलू.

पुढे काही महिन्यांनी कळलं की घराचं काम काढलंय. मला वाटलं, कवेलू बदलत असतील, ते दर दोन-तीन वर्षांनी फेरावेच लागतात. मी पाठवलेले पैसे बाबांनी कधी खर्चलेच नव्हते, म्हटलं बरं झालं, वापरताहेत. विचारलं तर म्हणायचे, "येऊन पाय तूच, दिसन." आईला विचारलं तर ती म्हणायची, धूळ फार झाली बाई, आणि जेवलीस का विचारायची. मीही खोदून विचारलं नाही. पाच वर्षं मी घरी गेले नव्हते. आधी व्हिसाचं कारण, मग प्रोजेक्टचं, मग कारणाची सवय. बुद्धपौर्णिमेला गृहप्रवेश ठरलाय, तुला यावंच लागेल, असं बाबांनी बजावलं, तेव्हा कुठे मी तिकीट काढलं.

मेमधलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. नागपूरहून टॅक्सीनं आले, ड्रायव्हरला म्हटलं सरळ घ्या, अजून पुढे आहे, आणि आम्ही आमच्या घरावरून पुढे निघून गेलो. गल्लीच्या टोकाशी पोचल्यावर मला चूक कळली. गाडी मागे घेतली. समोर पांढऱ्या कठड्याची बाल्कनी. सपाट छत. पिवळं दार. मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. मग भिंतीकडे लक्ष गेलं. पांढऱ्या रंगात डाव्या अंगाला एकच वीट लाल रंगवलेली होती.

मी टॅक्सीतून उतरले. बाबा दारात उभे होते, पांढरा सदरा, पांढरं धोतर, इतके ताठ उभे मी त्यांना निवृत्तीच्या समारंभाच्या फोटोतही पाहिले नव्हते. त्यांनी मला आत यायच्या आधी बाहेरूनच सगळं दाखवलं. मापं कशी चित्रातल्या विटांवरचे दाणे मोजून काढली ते. पिवळा रंग वर्ध्याहून कसा मागवला ते. लाल विटेवर मिस्त्री हुज्जत घालत होता, म्हणे ही चुकली असेल. "म्या म्हनलं, कागदावर हाये नं? मंग लाव. तिनं काईतरी इचार करूनच टाकली असन." पानांत खांब कुठेच दाखवलेले नव्हते, ते मिस्त्रीनं आपल्या मनानं टाकले, हेही त्यांनी जरा दिलगिरीनं सांगितलं. "तिकडं पिलर लागत नसतीन," असं म्हणाले.

मी खाली पाहिलं. दोन पायऱ्या, त्यापुढे लोखंडी फाटक, आणि फाटकाला लागून रस्ता. ओटा नव्हता. उंबरठ्यापाशी घर संपत होतं, माझ्या पाटीसारखं.

दुसऱ्या दिवशी बुद्धवंदना झाली, खीर वाटली, सगळं गाव येऊन गेलं. बाबा स्पायरलचं पुस्तक पाहुण्यांना पान उलटून दाखवत होते आणि लोक माझ्याकडे आदरानं बघत होते. कचेरीतले त्यांचे जुने साहेब मला म्हणाले, आपल्या समाजातली मुलगी एवढी पुढे गेली, अभिमान वाटतो. मी हात जोडले. त्या वेळी कुणी माझ्या तोंडात मारली असती तर मी आभार मानले असते.

पाहुणे गेल्यावर घराच्या दुपारी दिसायला लागल्या. जुन्या घराला कवेलू होते, जाड मातीच्या भिंती होत्या, उन्हाळ्यात आत गारवा असायचा. आता स्लॅब तापायचा आणि कूलर दिवसभर घरघरायचा. जेवण झालं, भांडी झाली की आई वर बाल्कनीत जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. ऊन असलं तरी. तिथून पंचफुलामावशीचा ओटा दिसतो. तिथे बाया बसलेल्या असायच्या, तोच घोळका, फक्त आमच्या ओट्यावरून तिकडे सरकलेला. आई वरून बघायची. काही बोललं तर खाली ऐकू जायचं नाही. कूलर होताच.

मी तिला म्हटलं, तू जा ना तिकडे. ती म्हणाली, जाते ना कधीमधी. पण मला समजलं होतं. ज्या बाईच्या ओट्यावर तीस वर्षं सगळ्या येऊन बसल्या, तिनं आता दुसरीच्या ओट्याच्या कडेला जागा शोधायची, हे तिला जड जात होतं. आणि त्या इकडे येत नव्हत्या. फाटक लोटायचं, पायऱ्या चढायच्या, बेल वाजवायची. त्यांच्या जन्मात कुणी आमच्या घराची बेल वाजवली नव्हती. मी माझ्या आईच्या दाराला अफस्प्राक लावून दिला होता.

मग मला दुरुस्तीची हुक्की आली. स्वतः जाऊन सगळ्यांना बोलावलं, म्हटलं उद्या आमच्याकडे सरगुंडे करू. त्या आल्या. चांगली लुगडी नेसून आल्या, हेच पहिलं चुकलं. चपला फाटकाबाहेर काढल्या, पाय झटकले, टाइल्सवरून जपून चालत आल्या आणि सोफ्याच्या काठावर बसल्या. मी म्हटलं खाली बसू या, सतरंजी टाकली. बसल्या. पण पीठ सांडेल म्हणून प्रत्येकजण हात आखडून काम करत होती आणि सुनांचं, सासवांचं, कुणाचं काहीच निघत नव्हतं. आई त्यांना सारखी म्हणत होती, घ्या ना, बसा ना. स्वतःच्या घरात ती पाहुण्यासारखी बोलत होती. तासाभरात पंचफुलामावशी उठली. दारात मला म्हणाली, "घर लय चांगलं केलं माय. पाय ठेवाले भेव लागते पन." तिच्या मनात टोमणा नव्हता. म्हणूनच तो लागला.

उरलेले सरगुंडे मी त्या रात्री झाकून ठेवले. सकाळी चहाला मी बाबांना सगळं सांगून टाकलं. की तो नकाशा नव्हता. खेळण्याच्या विटांची पानं होती. ओटा बसला नाही, कारण माझी पाटी लहान होती. दार पिवळं, कारण तपकिरी मिळालं नाही. लाल वीट, कारण पांढरी संपली होती. यात विचार कसलाच नव्हता.

बाबांनी कप खाली ठेवला. उठून पुस्तक आणलं, पहिलं पान उघडून चष्म्यातून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "खेळनं? कोनाचं?"

"माझं," मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी तो झेलला असता. राग नव्हता. ते माझ्याकडे असं बघत होते की ही लेक आपल्याला नीट ओळखू येत नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "मंग हो काऊन म्हनलं?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. तुमची लाज वाटली, असं बापाला कसं सांगणार? आणि ते खरंही नव्हतं. लाज माझीच वाटली होती, तिचा दंड मात्र त्यांना बसला होता.

बाबांनी पुस्तक कपाटात ठेवलं, सायकल काढली आणि बाहेर पडले. तासाभरानं मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीच्या खांद्यावर घण होता. बाबा त्याला रस्त्यावर उभं राहून दाखवत होते, फाटक काढ, पायऱ्या फोड, इथून इथपर्यंत ओटा घे, वाटलं तर समोरची खोली आत सरकव. आवाज एकदम कोरडा, कचेरीत चुकलेला आदेश रद्द करताना लागत असेल तसा. मिस्त्री काय समजायचं ते समजला. त्यानं फाटकाची एक बिजागरी सैल केली. मला बरं वाटलं, खरं सांगते. वाटलं, झालं, होईल सगळं पूर्ववत, आणि मी मोकळी होईन.

आई वरून खाली आली. कठड्याला धरून, एकेक पायरी. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मिस्त्रीला म्हणाली, "ठेव तो घन. चहा घे अन् जा."

बाबा म्हणाले, अगं, तुझाच ओटा करून देतोय. ती म्हणाली, "राहू द्या. ओटा होता तवा बाया येत होत्या, पोरगी येत नव्हती. आता बाया येत नाई, पोरगी आली. मले जमते."

एवढं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. तिनं हे माझ्याकडे बघून म्हटलं नाही, टोचून म्हटलं नाही, रडूनही नाही. बाजारात भाव ठरला की माणूस म्हणतो तसं म्हटलं, जमते. मी त्या फाटकाशी उभी राहिले आणि मला पहिल्यांदा कळलं की ओटा पाडताना आईला विचारलं असणार. बाबांनी तिला कागद दाखवला असणार, यात ओटा नाही बरं का म्हणून. आणि ती हो म्हणाली असणार. तिला वाटलं असेल, पोरीनं घर काढलंय म्हणजे पोरीला यायचंय, मग तिच्या मनासारखं होऊ द्या. माझ्या मनात असलं काहीच नव्हतं. माझी पाटी संपली होती.

मिस्त्रीनं बिजागरी पुन्हा आवळली, चहा घेतला आणि गेला. बाबा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले, तिसऱ्या दिवशी तिकडच्या हवेची चौकशी केली. रजा संपली, मी परत आले. आइंडहोवनच्या टेबलावर ते घर तसंच होतं, धूळ बसलेलं. मला ते मोडवेना आणि बघवेना. शेवटी एका खोक्यात घालून ठेवून दिलं. पडद्यावरचं पुसून टाकलं, त्याला एक बोट पुरलं.

त्यानंतर मी दरवर्षी जाते. गल्लीतले लोक म्हणतात, पोरगी असावी तर अशी. ओटा झालेला नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा आईनं तो मोडून काढला. तिला भीती वाटते की काय कोण जाणे, की ओटा बांधला तर माझं येणं पुन्हा थांबेल. तसं होणार नाही हे मी तिला कशाच्या जोरावर सांगू? पाच वर्षं मी काय केलं ते तिनं पाहिलंय.

घर म्हणजे काय, यावर आमच्यासारखे बाहेर गेलेले लोक पुष्कळ बोलतात. माती, वास, भाषा, काय काय. मला विचाराल तर आता घर म्हणजे मेमधल्या दुपारी ती बाल्कनी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आई आणि मी. ती बोलायला लागते, अमकीची सून, तमकीचं बाळंतपण. मी हूं हूं करते, पण माणसं मला आठवत नाहीत, मध्ये कुणाचं काय झालं ते ठाऊक नसतं, आणि तिला प्रत्येक नाव आधी समजावून सांगावं लागतं. अर्ध्या तासात ती थकते. मग तिकडच्या माझ्या ऑफिसबद्दल विचारते, मी काहीतरी सांगते, ती हूं हूं करते. खाली पंचफुलामावशीच्या ओट्यावर हशा उठतो आणि आईची मान तिकडे वळते. लगेच ती माझ्याकडे बघते, मी पाहिलं का म्हणून. सात-आठ बायांच्या बदल्यात तिला मी एक मिळाले, तीही वर्षातून तीन आठवडे, आणि माझ्याशी तिला बोलायला काही नाही. हा सौदा तिला महाग पडला, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. ती तसं कधीच म्हणत नाही.